ज्याचें हत्यार त्याच्या हाताला

भातकापणीच्या दिवसांत तोरण्याच्या पायथ्याशीं कोणत्याही खाचरावर जाऊन पाहावें. बांधावर पांच-सहा विळे पडलेले असतात, दिसावयास सगळे सारखे, पण एकीचा विळा चुकून दुसरीच्या हातीं गेला तर दोन मुठी कापून होण्यापूर्वींच ती म्हणते, "अगं, ह्यो माझा न्हवं." कोणाला मूठ जाड लागते, कोणाला बारीक, कोणाला लोहाराकडून नुकतीच धार लावून आणलेलें पातें आवडतें, तर कोणाला दोन हंगाम झिजून हाताच्या वळणावर आलेलें. ह्यांत शहाणी कोण व वेडी कोण, असा वाद आमच्या वेल्हे तालुक्यांत (ज्याचें नांव राजगड करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२४ सालीं घेतला) कोणी घालीत नाहीं. संध्याकाळपर्यंत किती पेंढ्या पडल्या एवढेंच पाहतात.

हा वाद जेथें हिरीरीनें घातला जातो तो धंदा निराळा आहे, आणि आमच्या गांवांतील पुष्कळ मुलें आतां त्या धंद्यांत शिरलीं आहेत. हिंजवडीच्या कचेऱ्यांत प्रोग्राम लिहिणारीं आमचीं जुनीं विद्यार्थी मंडळी सुटींत गांवीं येतात तेव्हां त्यांच्या गप्पांत एक विषय हटकून निघतो: प्रोग्राम कशांत लिहावा? एक म्हणतो, विमइतकें चपळ साधन पृथ्वीवर नाहीं. दुसरा म्हणतो, तें आजोबांच्या काळचें. व्हीएस कोड घे. तिसरा त्या दोघांकडे दयेनें पाहतो. काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें बरीं कीं पांढऱ्यावर काळीं, येथपर्यंत ही चर्चा जाते. ऐकणाऱ्या आईबापांस वाटतें, पोरें कांहीं फार मोठ्या गोष्टीविषयीं बोलत आहेत.

गोष्ट अशी आहे. संगणकाला करावयाच्या कामाच्या आज्ञा ज्या भाषेंत लिहितात ती भाषा कोणतीही असो, त्या आज्ञा शेवटीं साध्या अक्षरांच्याच बनलेल्या असतात. तीं अक्षरें लिहिण्यासाठीं, खोडण्यासाठीं, शोधण्यासाठीं व इकडचीं तिकडे हलविण्यासाठीं जें साधन वापरतात त्याला एडिटर म्हणतात. त्याच खिडकींत प्रोग्राम चालवून पाहण्याची व चूक कोठें आहे हें हुडकण्याची सोय जोडली म्हणजे तिला आयडीई असें नांव मिळतें. शाई व कागद एकाच मेजावर मांडून ठेवावे तसा हा प्रकार आहे. मजकूर लिहिणारानेंच लिहावयाचा असतो.

मग ह्यावर वार्षिकांत लेख लिहिण्याचें कारण काय? कारण असें कीं, हल्लीं दहावी-बारावी झालेल्या मुलांचे पालक मला विचारतात, "सर, पोराला नेमकं काय शिकवायचं? क्लासवाले म्हणतात अमुकच पाहिजे, आणि त्याला अमुक किमतीचाच लॅपटॉप पाहिजे." ह्या प्रश्नांत गुंतलेले पैसे इंद्रायणी तांदुळाचे असतात, किंवा महिनाभर डेअरीला घातलेल्या दुधाचे असतात. दुसरीकडे मुलाचे गुणही त्यांत गुंतलेले असतात, तें पुढें सांगतों. माझें मत आरंभींच सांगून टाकतों: हत्याराची निवड ही काम करणाराची स्वतःची बाब आहे, शाळेनें, कॉलेजानें किंवा क्लासवाल्यानें तींत हात घालूं नये, आणि काम करणारानेंही आपल्या आवडीचा पंथ बनवूं नये.

आवड कशी जन्मास येते हें पाहिलें म्हणजे पुष्कळसा अभिमान आपोआप गळतो. १९७६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बिल जॉय नांवाच्या विद्यार्थ्यानें व्हीआय नांवाचा एडिटर लिहिला. तो ज्या टर्मिनलावर काम करी त्याच्या कीबोर्डावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के व एल ह्या चार अक्षरांच्या कळांवरच डावीकडे, खालीं, वर व उजवीकडे असे बाण छापलेले होते. घरून विद्यापीठाच्या यंत्राशीं जोडणारी तारही इतकी मंद कीं सेकंदाला सुमारें तीस अक्षरें येत. अशा ठिकाणीं लांबलचक आज्ञा कोण देणार? म्हणून व्हीआयच्या आज्ञा एका-दोन अक्षरांच्या झाल्या. आज पन्नास वर्षांनीं, बाणांच्या चार कळा समोर असतांनाही, त्याच चार अक्षरांवर बोटें नाचविणारे हजारों लोक जगांत आहेत. ते म्हणतात, हात मधल्या ओळीवरून हालत नाहीं. तें खरेंच आहे. पण ही रचना कोणा ऋषीला ध्यानांत दिसलेली नव्हे. ती एका जुन्या टर्मिनलाची अडचण आहे.

त्याच वर्षीं अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, एमआयटी ह्या संस्थेंत, रिचर्ड स्टॉलमन व त्याचे सहकारी ह्यांनीं एमॅक्स तयार केला. तेथें यंत्राशीं जोडणी जलद होती, आणि कीबोर्डावर कंट्रोलची कळ अंगठ्याच्या जवळपास होती. म्हणून एमॅक्सच्या आज्ञा कंट्रोल दाबून द्यावयाच्या झाल्या. पुढें सामान्य संगणकाच्या कीबोर्डावर कंट्रोल खालच्या कोपऱ्यांत गेली, आणि बिचाऱ्या एमॅक्सभक्तांच्या करंगळ्या दुखूं लागल्या. त्या दुखण्याला 'एमॅक्सची करंगळी' असें नांवच पडलें. व्हीआयवाल्यांचीही तीच गत. त्यांना घडोघडी लागणारी एस्केपची कळ जॉयच्या टर्मिनलावर टॅबच्या जागीं होती. ती आतां वरच्या कोपऱ्यांत गेली आहे. म्हणून त्यांतले पुष्कळ लोक कॅप्स लॉकच्या कळेलाच एस्केपचें काम देतात. हत्याराला हात वळतो आणि हाताला हत्यार वळतें, तें असें.

आमच्या पणजोबांच्या पिढींतील कारकुनांना हें समजावून सांगावें लागलें नसतें. दौतींत बुडवावयाचा बोरू ज्याचा त्यानें चाकूनें कापावा, टोकाचा तिरकसपणा आपल्या हाताच्या कलाप्रमाणें ठेवावा, आणि दुसऱ्याच्या बोरूनें लिहावयाची वेळ आली तर अक्षर बिघडलें म्हणून कुरकुर करावी, हा रिवाजच होता. लेखणी न उचलतां भरभर लिहावयाचें म्हणून मोडी. छापावयाचें म्हणून बाळबोध. आजचा प्रोग्रामर आपल्या एडिटरच्या मांडणीची एक लहानशी फाईल जवळ बाळगतो, वर्षानुवर्षें तींत एकेक ओळ घालतो, आणि नवीन नोकरीवर पहिल्या दिवशीं ती नव्या यंत्रावर चढवितो. मला ती फाईल बोरूच्या चाकूसारखी वाटते.

येथवर सर्व ठीक. पण ह्या आवडीचे जे दोन पंथ झाले आहेत, त्यांची हकीकत गमतीची आहे. एमॅक्सच्या स्टॉलमननें स्वतःच थट्टेनें एमॅक्सचा 'चर्च' काढला; व्याख्यानाच्या शेवटीं तो झगा घालतो, डोक्यामागें प्रभावळ म्हणून संगणकाची जुनी तबकडी लावतो आणि स्वतःला संत म्हणवितो. मिशनच्या शाळेंत वाढलेल्या माणसास ती थट्टा पाहून प्रथम जरा दचकायला होतें, मग हंसूं येतें; कारण थट्टेचा रोंख देवळाकडे नसून एडिटरवरून भांडणाऱ्या भक्तांकडेच आहे. दुसऱ्या पंथाच्या लोकांनीं एमॅक्स ह्या नांवाच्या अक्षरांचा असा विस्तार केला कीं, 'आठ मेगाबाइट, आणि तरी सदा धाप लागलेली.' त्या काळीं आठ मेगाबाइट म्हणजे मोठी उधळपट्टी. आज जीं साधनें लोकप्रिय आहेत तीं उघडतांच शेंकडों मेगाबाइट गिळतात, आणि त्याबद्दल कोणी विनोदही करीत नाहीं!

विमविषयीं मात्र एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. विम म्हणजे व्हीआयची सुधारलेली आवृत्ति. ब्राम मोलेनार नांवाच्या डच गृहस्थानें ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९९४ च्या सुमारास तो आफ्रिकेंतील युगांडा देशांत किबाले ह्या गांवीं पाणी व स्वच्छतेच्या कामासाठीं राहिला. एड्सच्या सांथीनें आईबाप गेलेलीं मुलें तेथें त्यानें पाहिलीं. परत आल्यावर त्यानें आपल्या एडिटरला किंमत लावली नाहीं. वापरणारानें जमल्यास त्या मुलांच्या शाळेला व दवाखान्याला मदत करावी, एवढीच विनंति त्यानें परवान्यांत घातली. विम उघडला कीं पहिल्याच पडद्यावर युगांडांतील गरीब मुलांना मदत करा, ही ओळ वर्षानुवर्षें दिसत आली. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजीं वारला. जगांतील किती तरी प्रोग्रामरांना युगांडाच्या नकाशावरील त्या गांवाचें नांव केवळ ह्या एका ओळीमुळें ठाऊक झालें आहे. एवढें सांगून हेंही सांगितलें पाहिजे कीं विम शिकावयास अवघड आहे. त्यांतून बाहेर कसें पडावें हा साधा प्रश्न प्रोग्रामरांच्या एका प्रसिद्ध प्रश्नोत्तरांच्या स्थळावर दहा लाखांहून अधिक वेळां वाचला गेल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें होतें. चांगल्या माणसानें केलेलें हत्यार आपल्या हाताला बसेलच असें नाहीं. न बसल्यास त्यांत पापही नाहीं.

आतां ज्या प्रकरणाकरितां मीं लेखणी उचलली तें. आवड जोपर्यंत आवड आहे तोपर्यंत ती निरुपद्रवी असते. तिच्या हातीं अधिकार आला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतील कॉलेजांनीं घालून दिलें आहे. त्याचें नांव टर्बो सी प्लस प्लस.

न्यायानें बोलावयाचें तर टर्बोच्या घराण्याचे उपकार मोठे आहेत. १९८३ सालीं बोरलँड कंपनीनें टर्बो पास्कल बाजारांत आणला. त्याचा गाभा अँडर्स हायल्सबर्ग ह्या डॅनिश तरुणानें रचला होता. त्यापूर्वीं घरगुती संगणकावर प्रोग्राम लिहावयाचा एका साधनांत, त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करावयाचें दुसऱ्यांत, आणि मध्यें तबकड्या बदलीत बसावयाचें, असा व्याप असे. टर्बोनें तो एका खिडकींत आणला, चूक झाली तर कर्सर त्याच ओळीवर नेऊन ठेवला, आणि किंमत ठेवली पन्नास डॉलरांस पांच सेंट कमी. त्याच मालिकेंत १९९० सालीं टर्बो सी प्लस प्लस आला. निळा पडदा, पिवळीं-पांढरीं अक्षरें. आल्ट-एफ-नऊ दाबून तपासावयाचें व कंट्रोल-एफ-नऊ दाबून चालवावयाचें. पुण्यांत शिकलेल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारा, बोटें अजून विसरलेलीं नाहींत.

पुढें १९९८ सालीं सी प्लस प्लस भाषेचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, आणि तींत पुष्कळ गोष्टी बदलल्या. निळी खिडकी मात्र होती तेथेंच राहिली, आणि आमचीं अनेक कनिष्ठ महाविद्यालयें व अभियांत्रिकी महाविद्यालयें २०१० नंतरही तिच्यासमोरच बसून होतीं. नवीन विंडोजवर ती चालेना, तेव्हां डॉसबॉक्स नांवाचा एक बनावट जुना संगणक नव्या संगणकाच्या पोटांत बसवून त्यांत ती चालविण्यांत आली! परिणाम असा कीं मुलें जी भाषा शिकलीं ती जगांत कोणी बोलत नव्हतें. त्या खिडकींत आयओस्ट्रीमपुढें 'डॉट एच' लिहिल्याशिवाय चालत नाहीं. आजच्या कंपाइलरला तें 'डॉट एच' चालत नाहीं. तेथें मेनपूर्वीं व्हॉइड लिहावयाची संवय लागते. येथें इंट लिहिलें पाहिजे. त्याहून मासलेवाईक प्रकार संख्यांचा. टर्बोमध्यें साधी पूर्णांक संख्या सोळा बिटांची असल्यामुळें ३२७६७ च्या पुढें जात नाहीं. म्हणून २०० गुणिलें २०० किती, असें साध्या रीतीनें विचारलें तर ती खिडकी न लाजतां उत्तर देते: उणे २५५३६. आजच्या नेहमींच्या कंपाइलरांत ही मर्यादा दोनशें चौदा कोटींच्या वर आहे व उत्तर बिनतक्रार ४०००० येतें. सहावींतील मुलालाही जें उत्तर हास्यास्पद वाटेल तें कां येतें, हें शिकविलें तर तो धडा उत्तम आहे. पण बहुतेक ठिकाणीं तें शिकविलें जात नसे. 'लाँग लिही म्हणजे बरोबर येतें' एवढेंच सांगितलें जाई.

आमच्या शाळेंतून गेलेल्या एका हुशार मुलानें कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षेंत घरीं शिकलेल्या प्रमाण पद्धतीनें प्रोग्राम लिहिला. परीक्षकांच्या निळ्या खिडकीनें पहिल्याच ओळीला तांबडा कंदील दाखविला. मुलानें 'सर, दुसऱ्या कंपाइलरवर लावून बघा' अशी विनवणी केली, उत्तर मिळालें, "येथें हाच आहे." गुण गेले. कॉलेजचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं, कारण तसा प्रसंग अनेक ठिकाणीं घडला आहे, आणि त्या परीक्षकांचा हेतु वाईट होता असेंही मला वाटत नाहीं. जुन्या प्रश्नपत्रिका त्या खिडकीसाठीं काढलेल्या, प्रयोगवह्या तिच्यासाठीं छापलेल्या, प्रयोगशाळेंतील यंत्रें जुनीं, आणि शिकविणाराच्या हाताला तीच एक संवयीची. शिक्षकाची आवड हीसुद्धां आवडच असते. फरक इतकाच कीं तिच्या हातांत तांबडी पेन्सिल असते. आमचा तो विद्यार्थी खमका म्हणून टिकला. जो पहिल्याच तासाला 'आपल्याला हें जमणार नाहीं' असें मनाशीं ठरवून परत शेताकडे वळला, त्याची नोंद कोणत्याच निकालपत्रांत नसते.

ह्याच घराण्याच्या पुढच्या हकीकतींत एक बोध घेण्यासारखें वळण आहे. ज्या हायल्सबर्गनें टर्बो पास्कल रचला, तो तेथें थांबला नाहीं. पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें त्यानें सी शार्प व टाइपस्क्रिप्ट ह्या भाषांची आंखणी केली, आणि आज ज्या व्हीएस कोडचा बोलबाला आहे, जो २०१५ सालीं बाहेर पडला व २०२४ सालच्या एका मोठ्या पाहणींत उत्तर देणाऱ्या प्रोग्रामरांपैकीं सुमारें तीनचतुर्थांशांनीं आपण वापरतों असें सांगितलें, तो मुख्यतः टाइपस्क्रिप्टमध्येंच लिहिलेला आहे. निर्माता चाळीस वर्षें पुढें चालत गेला. त्याच्या पहिल्या घराच्या ओसरीवर आम्ही मात्र सतरंजी टाकून बसलों.

मग सगळ्यांनीं व्हीएस कोड घ्यावा कीं काय? ज्याला आवडेल त्यानें घ्यावा. फुकट मिळतो, चांगला आहे. पण सक्तीनें घ्यावयास लावाल तर वीस वर्षांनीं तोही निळी खिडकी होईल.

आवडीचें स्वातंत्र्य कशाच्या आधारावर उभें आहे, हा प्रश्न मराठी माणसाला परक्या उदाहरणानें समजावून देण्याची जरूर नाहीं. १९९० च्या दशकांत व पुढेंही पुष्कळ वर्षें आपण संगणकावर मराठी लिहीत होतों तें त्या त्या कंपनीच्या फाँटांत. एका फाँटांत 'क' साठीं यंत्राच्या पोटांत जो आंकडा असे, तो दुसऱ्या फाँटांत भलत्याच अक्षराचा असे. फाईल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली आणि तेथें तो फाँट नसला, कीं मराठी मजकुराच्या जागीं रोमन चिन्हांचा कचरा दिसे. कित्येक संस्थांचे अहवाल, कित्येकांचीं हस्तलिखितें अशा रीतीनें त्या साधनाच्या कोठडींत अडकून पडलीं. सरकारनें इस्कीचें प्रमाण १९९१ सालीं ठरविलें होतें, युनिकोडच्या त्याच वर्षींच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरी होती. परंतु संवय सुटावयास वर्षें गेलीं. त्या काळीं कोणतें साधन आवडतें हा खाजगी प्रश्न राहिलाच नव्हता. तुमच्या आवडीची किंमत तुमचें पत्र वाचणारा भरीत होता.

आतां आमच्या शिक्षकांच्या खोलींत पाहा. एक बाई इनस्क्रिप्टनें लिहितात. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनें, अशी ती शास्त्रशुद्ध मांडणी. आमचे वयोवृद्ध लेखनिक टाइपरायटरवर शिकलेले, त्यांना रेमिंग्टनचीच मांडणी हवी; त्यांचा वेग पाहून तरुणांनीं टोपी काढावी. तरुण शिक्षक रोमन अक्षरांनीं उच्चार टाइप करून मराठी उमटवितात. तिघांत कधीं एकमत व्हावयाचें नाहीं. आणि तरी तिघांचे कागद एकाच फाईलींत बिनतक्रार बसतात, कारण खालीं उमटणारा 'क' तिघांचा एकच, युनिकोडचा. प्रोग्रामच्या मजकुराचें भाग्य असें कीं तो पहिल्यापासून साध्या अक्षरांच्या फाईलींत राहिला. विममध्यें लिहिलेला प्रोग्राम एमॅक्समध्यें उघडतो, व्हीएस कोडमध्यें उघडतो, नोटपॅडमध्येंसुद्धां उघडतो. म्हणूनच त्या पंथांचें भांडण पन्नास वर्षें सुखानें चालूं शकलें. ज्या साधनांत लिहिलेलें दुसरीकडे नेतां येत नाहीं, तें कितीही देखणें असो, त्याविषयीं मात्र पालकांनीं व मुलांनीं सावध असावें. आवडीच्या बाबतींत शाळेनें एकच नियम करावा असें मला वाटतें, तो हा.

मराठी मुलाला निवड करतांना एक कारण खास आपलें आहे, तें परदेशी लोकांच्या वादांत कधीं येत नाहीं. जुन्या पद्धतीच्या टर्मिनलांत प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीची एकेक चौकट दिलेली असते. रोमन अक्षरें त्यांत नीट बसतात. आपलीं जोडाक्षरें, मात्रा व वेलांट्या बसत नाहींत. 'क्ष' फुटतो, कर्सर एकीकडे व अक्षर दुसरीकडे असा घोटाळा होतो. प्रोग्राममध्यें मराठी टिपा लिहावयाच्या असतील, किंवा गांवच्या दूधसंस्थेसाठीं मराठी पावती छापणारा प्रोग्राम करावयाचा असेल, तर एडिटर निवडतांना प्रथम त्यांत स्वतःचें पूर्ण नांव व 'राष्ट्रीय विद्यार्थी' हे शब्द लिहून पाहावेत. त्या कसोटीवर पुष्कळ नामांकित साधनें लंगडीं पडतात.

चार जणांनीं मिळून काम करावयाचें झालें म्हणजे आवडीला थोडी मुरड घालावी लागते, हें खरें. ओळीच्या आरंभीं जागा सोडावयाची ती टॅबनें कीं स्पेसनें, ह्यावर शहाणीं माणसें तासन्तास भांडलेलीं आहेत. २००९ सालीं गूगलनें गो ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हां तिच्याबरोबर मजकूर ठराविक वळणांत मांडून देणारें साधनच दिलें. त्याचें वळण कोणाला मनापासून आवडत नसलें तरी भांडण मिटलें. हा तोडगा मला पसंत आहे. ताटांत वाढावयाची पद्धत घराची असावी, घांस कोणत्या बोटांनीं घ्यावा हें ज्याचें त्यानें पाहावें.

एका नव्या सोयीविषयीं मात्र माझें मत पुष्कळांना जुनाट वाटेल. २०२१ सालीं गिटहब कोपायलट पुढें आला, आणि आतां एडिटर पुढची ओळ स्वतःच सुचवितात. नुसती ओळच काय, सबंध प्रोग्राम लिहून देतात. नोकरींतील माणसानें तें वापरावें कीं नाहीं हा त्याच्या मालकाचा व त्याचा प्रश्न. विद्यार्थ्यानें पहिलें वर्षभर ती सोय बंद ठेवावी. पाढे पाठ होण्यापूर्वीं गणकयंत्र हातीं द्यावयाचें नाहीं, हें आम्ही प्राथमिक शाळेंत अजून पाळतों, आणि त्याचें कारण पालकांना पटतें. सुचविलेली ओळ बरोबर आहे कीं चूक हें ज्याला ओळखतां येत नाहीं, त्याला ती मदत नसून भुलवण आहे. येथें कोणी म्हणेल, हत्याराच्या निवडींत हात घालूं नये असें सांगून तुम्हीच हात घालतां. त्यावर माझें उत्तर असें कीं, विळा कोणता घ्यावा हें मीं सांगितलेलें नाहीं. कापणी दुसऱ्याकडून करवून घेऊन ती शिकलों असें म्हणूं नये, इतकेंच सांगितलें.

आतां पैशांचें. पालकहो, प्रोग्राम लिहावयास शिकण्यासाठीं महाग लॅपटॉप लागत नाहीं. चित्रपटाचें संकलन किंवा मोठे खेळ ह्यांसाठीं तो लागतो, आणि कित्येकदां मुलांच्या आग्रहामागें तेंच कारण असतें, हें आपसांत बोलावयास हरकत नाहीं. पुण्याच्या बाजारांतील जुन्या यंत्रावर लिनक्स घालून त्यांत विम किंवा एमॅक्स सुखानें चालतो. वर सांगितलेलीं बहुतेक साधनें बिनपैशांचीं आहेत. ज्या घरीं तेंही शक्य नाहीं, तेथें असलेल्या फोनला एक साधा कीबोर्ड जोडून पायथनचे धडे गिरवितां येतात. पडदा लहान पडतो, डोळे दुखतात, पण शिकणें होतें. घाटाखालीं पावसाळ्यांत दोन-दोन दिवस वीज नसते तेव्हां तर फोनच कामास येतो. क्लासवाल्यानें एखाद्या साधनाचें प्रमाणपत्र देऊं केलें तर त्याला इतकेंच विचारावें कीं, हें साधन उद्यां बंद पडलें तर पोराला काय येत असेल?

मुलांसाठीं दोन शब्द. एक एडिटर निवडा आणि सहा महिने त्याच्याशीं एकनिष्ठ राहा. दर आठवड्याला नवें हत्यार घेणाराचा हात कशालाच बसत नाहीं. सहा महिन्यांनीं दुसरा पाहा, आवडला तर बदला, न आवडला तर परत या. तुमच्या मित्राचा निराळा असेल, त्याला हिणवूं नका, आणि कॉलेजांत गेल्यावर शहरांतील मुलांनीं तुम्हांला हिणवलें तर त्यांना २०० गुणिलें २०० ची गोष्ट सांगा.

शाळेच्या संगणकखोलीसाठीं माझी सूचना अशी आहे. प्रत्येक यंत्रावर तीन-चार निरनिराळे एडिटर असावेत. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलानें आपल्या मांडणीची फाईल स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवावी व त्याला नांवाची चिठ्ठी चिकटवावी, नाहीं तर दोरीवर वाळत घातलेल्या इरल्यांसारखी अदलाबदल होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या पसंतीच्या खिडकींत लिहावें. शिक्षकानें तपासतांना ती फाईल मात्र दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्याच एडिटरमध्यें उघडावी, प्रमाण कंपाइलरवर चालवून पाहावी, आणि गुण तेथें द्यावेत.